बीडीडी चाळी बांधणाऱ्या गव्हर्नर लॉइडचं गणित कुठे चुकलं?

२०२४ मध्ये सिडकोने नवी मुंबईत २६ हजार घरांची योजना आणली. किमती जाहीर झाल्या आणि फेसबुकपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच चर्चा सुरू झाली. वर्षाला सहा लाखांच्या आत कमावणाऱ्या माणसाने हे घर घ्यायचं कसं?

खाडीपलीकडच्या मुंबईत हाच पेच शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज गव्हर्नरसमोर होता. त्याचं नाव जॉर्ज लॉइड. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळी त्याच्याच काळातल्या. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट.

लॉइडचा जन्म १८७९ चा. इंग्लंडमध्ये ज्या घराण्याने लॉइड्स बँक काढली, त्याच घराण्यातला हा मुलगा. केंब्रिजला असताना शर्यतीच्या बोटीत सुकाणू धरायचा. नंतर काही वर्षं घरच्या पोलादी नळ्यांच्या धंद्यात काढली, इस्तंबूलच्या वकिलातीत काम केलं, १९१० मध्ये खासदार झाला. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली आणि अरबस्तान पाहिलं. तिथे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स त्याच्या ओळखीचा झाला.

डिसेंबर १९१८ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला तेव्हा त्याचं वय होतं ३९. शहर नुकतंच इन्फ्लुएन्झाच्या साथीतून उठलं होतं. महिनाभरात गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. युद्धाने महागाई वाढवली होती आणि गिरणगावात एकेका खोलीत आख्खं कुटुंब, वर गावाकडून आलेले दोन-चार भाऊबंद, अशी गर्दी होती.

लॉइडला मोठ्या कामांची हौस होती. त्याने ठरवलं, सरकारनेच कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या. १९२० मध्ये त्यासाठी वेगळं खातंच उभं केलं.

आता पैसा कुठून आणायचा? लॉइडकडे दोन वाटा होत्या. एक, लोकांकडून विकास-कर्ज उभारायचं. त्याचं व्याज होतं साडेसहा टक्के. दुसरी, शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर. शिवाय याच खात्याकडे बॅकबेला समुद्र हटवून जमीन तयार करण्याचं काम होतं आणि ती जमीन चढ्या भावाने विकली जाईल अशी आशा होती.

कापसाचा कर ही कल्पना तशी हुशारीची. गिरण्या कापसावर चालतात, मग कामगाराच्या घराचा भार कापसाने उचलावा. पण तो रुपया गिरणीमालकाने भरला, व्यापाऱ्याने भरला की शेवटी खानदेश-वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या भावातून कापला गेला, हा प्रश्न उरतोच.

अडचण मात्र वेगळीच निघाली. बांधकाम सुरू झालं ते युद्धानंतरच्या महागाईत. सिमेंट महाग, लोखंड महाग आणि कर्जही महाग. त्यामुळे एका खोलीचा खर्च आणि व्याज वसूल करायचं तर जे भाडं लावावं लागलं असतं, ते कामगाराला झेपणारं नव्हतं. सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. एका कुटुंबाची सरासरी कमाई महिन्याला ५२ रुपयांच्या आसपास. खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा खाण्यावर जायचा, भाड्याला उरायचे ७.७ टक्के. म्हणजे चारेक रुपये.

सरकारने भाडं खर्चापेक्षा कमी ठेवलं, तरी ते कामगाराला जड होतं. त्यात घरंही लोकांना आवडेनात. १६० चौरस फुटांची खोली, मधून बोळ, मजल्यावर सामायिक संडास, सगळीकडे काँक्रीट. वरळी तर तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटायची. पुढे गिरणी धंद्यात मंदी आली आणि खोल्या रिकाम्या पडू लागल्या. भाडं उतरवलं, तोटा वाढला. कर्जाचं व्याज मात्र ठरलेल्या दरानेच भरावं लागत होतं.

शेवटी ५० हजारांच्या जागी २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्यांवर काम थांबलं. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला. बॅकबेचा खर्चही अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. त्या कामातला गोंधळ खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. गाळ उपसणाऱ्या यंत्रबोटीला गव्हर्नरचंच नाव दिलेलं होतं, हे विशेष.

लॉइड तेव्हा इथे नव्हताच. डिसेंबर १९२३ मध्ये त्याची मुदत संपली. या पाच वर्षांत त्याने भाटघर धरण आणि सिंधमधल्या सक्कर बंधाऱ्याचं काम रेटलं, मार्च १९२२ मध्ये गांधीजींना अटकही त्याच्याच सरकारने केली. पुढे तो इजिप्तमध्ये ब्रिटिश हायकमिशनर झाला. १९२९ मध्ये इंग्लंडात मजूर पक्षाचं सरकार आलं आणि त्याला ते पद सोडावं लागलं. चर्चिलने १९४० मध्ये त्याला मंत्रिमंडळात घेतलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तो गेला.

चाळी मागे राहिल्या आणि पुढे भरल्याही. पण बांधकामाचा खर्च आणि कामगाराची ऐपत यातली दरी कुणी भरायची, हे कोडं खाडी ओलांडून नवी मुंबईत आलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, तेव्हा उत्तर शोधलं गेलं ते जमिनीत. ९५ गावांची जमीन घ्यायची, विकसित करायची, व्यापारी भूखंड महाग विकायचे आणि त्या पैशातून शहर उभं करून गरिबाचं घर स्वस्त ठेवायचं. इथे लॉइडसारखा कापसावर कर नव्हता, पण किंमत कुणीतरी मोजलीच. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण गेले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं.

आणि लॉइडच्या चाळी? त्या आता पाडल्या जातायत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, तेही फुकट. हा सगळा खर्च म्हाडाला त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या विक्रीच्या घरांमधून काढायचा आहे.