आगरकरांचे एकशे एक दिवस

सीमाभागात मराठी वर्तमानपत्र नुसते वाचले जात नाही, घडी घालून जपले जाते. छापून आले म्हणजे ते खरेच, असे मानणारी वडीलधारी माणसे आमच्या गावांत आजही आहेत. आता मोबाईलवर आलेल्या मजकुरालाही तोच मान मिळू लागला आहे. म्हणून गोपाळ गणेश आगरकरांच्या आयुष्यातले एक प्रकरण आम्हाला सांगावेसे वाटते. त्याचा संबंध आपल्या शेजारच्या कोल्हापूरशीच आहे.

१८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी गरीब घरात जन्मलेले आगरकर हालअपेष्टा सोसून एम. ए. झाले आणि १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक झाले. ‘मराठा’ टिळकांकडे होता. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी त्या वेळी बोलवा होती. दोन्ही पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांना धारेवर धरले. त्याला आधार घेतला तो बर्व्यांच्या म्हणून हाती आलेल्या काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते सुटले. या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले.

आम्हाला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. महाराजांविषयीची काळजी पोकळ नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीवरच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन त्यांचा अंत झाला. म्हणजे तळमळ खरी होती, कागद खोटा होता. आणि कोर्टात तपासला गेला तो कागद. तो आणणाऱ्याला चार प्रश्न आधीच विचारले असते तर, असे राहून राहून मनात येते.

टिळकांशी मतभेद झाल्यावर आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. बालविवाह, केशवपन यांविरुद्ध त्यांनी इतके परखड लिहिले की पुण्यातल्या विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. तीही एक खोटी बातमीच म्हणायची! दम्याने पोखरलेले आगरकर त्यानंतरही लिहीत राहिले. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळीसाव्या वर्षी ते गेले.