सुभेदार रामजी : जागा राहणारा बाप



बाबासाहेबांवर आपण पुष्कळ बोलतो. पण ज्या बापाने त्यांच्या हाती पुस्तक दिले, त्या सुभेदार रामजींची आठवण फारशी होत नाही. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्याविषयी चार शब्द.

रामजी मालोजी सकपाळ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे. लष्करात ते सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापकही होते. कबीरपंथी माणूस. घरात पहाटे भजन आणि पाठांतर असायचेच. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे भीमराव जन्मले, ते त्यांचे चौदावे अपत्य. पेन्शनीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तिथे भीमाबाई वारल्या आणि पोरांना आत्या मीराबाईंनी सांभाळले.

लहानपणी भीमाचे अभ्यासात लक्ष नव्हते. साताऱ्याची पोरं मुंबईला जाऊन गिरणीत लागतात, हे त्याच्या कानावर आले. आपणही पळून जावे म्हणून भाड्यासाठी आत्याची पिशवी लांबवायचा बेत त्याने केला. तीन रात्री जागला, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत फक्त अर्धा आणा! शरम वाटली आणि पोरगा अभ्यासाला लागला.

मी स्वतः गिरणी कामगार, म्हणून ही गोष्ट मला फार लागते. त्या काळी विणकर खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि तिथे विटाळ आडवा यायचा. म्हणजे भीमा गिरणीत आला असता तर कमी पगाराच्या खात्यात आयुष्य गेले असते. त्या पिशवीत पैसे असते तर आपले काय झाले असते, याचा विचार करून बघा.

पुढे रामजीबाबा मुलांना घेऊन परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. चूल तिथेच, जळण तिथेच, जातं तिथेच, शेळीसुद्धा तिथेच! झोपायला जागा नाही. तेव्हा भीमाला लवकर निजवून बाप रात्री दोनपर्यंत जागा राहायचा. मग पोराला उठवायचा आणि त्याच्या जागेवर आपण आडवा व्हायचा. पोरगा दिव्याच्या उजेडात वाचत बसायचा.

आता वाचायची गोडी लागली होती. क्रमिक पुस्तकं पुरेनात. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. अवांतर वाचन सुभेदारांना तसे पसंत नव्हते, परीक्षेची काळजी असायची. पण पोराने पुस्तक मागितले आणि बापाने नाही म्हटले, असे झाले नाही. खिशात पैसे नसले की सुभेदार लेकीच्या सासरी जायचे. एकीकडे नाही मिळाले तर दुसरीकडे. रोकड नसली तर लेक अंगावरचा दागिना काढून द्यायची. तो मारवाड्याकडे गहाण पडायचा आणि पुस्तक घरी यायचे. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत.

बागेत वाचणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला. परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीने सत्कार ठरवला, तेव्हा पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून सुभेदार तयार नव्हते. केळुसकरांनी त्यांची समजूत घातली. त्या सत्कारात गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जे घडले, त्याचे बी या पुस्तकात होते.

सुभेदारांनी 2 फेब्रुवारी 1913 रोजी प्राण सोडला. मुलगा त्याच वर्षी अमेरिकेला शिकायला गेला, ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दादरचे पुस्तकांनी भरलेले राजगृहही त्यांनी पाहिले नाही. त्यांनी पाहिला तो फक्त दिव्यापाशी वाकलेला पोरगा.

खरं सांगायचं तर, माझा मुलगा लहानपणी गोष्टीचे पुस्तक घेऊन बसला की मी ओरडायचो, आधी शाळेचं वाच म्हणून. सुभेदारही कुरकुरले असतील, पण त्यांनी पुस्तक काढून घेतले नाही. हा फरक मला उशिरा कळला.

तेव्हा मायबापहो, पोरगं पुस्तकात रमलेलं दिसलं तर त्याला हाक मारू नका. टीव्हीचा आवाज कमी करा. जमलं तर त्याच्या शेजारी थोडा वेळ जागे राहा. एवढे बोलून लेखणीला विराम देतो.

जयभीम! नमो बुद्धाय!