तुकोबांच्या पुलावरून गेलेला भक्त : नारायण वामन टिळक

आषाढी वारीत श्रीतुकोबारायांची पालखी सराटीचा मुक्काम हलवते, पादुकांना नीरेचे स्नान घडते आणि पूल ओलांडून सारा सोहळा सोलापूर जिल्ह्यात येतो. पलीकडे अकलूज. माने विद्यालयाच्या पटांगणात गोल रिंगण होते, अश्व धावतात, टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात, आणि मग गावात मुक्काम पडतो. अशाच एका मुक्कामी, हरिपाठ आटोपल्यावर, दिंडीतल्या एका वृद्ध माळकऱ्याने आम्हांला विचारले, की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे सांगणारा कुणी कवी होऊन गेला म्हणतात, ते खरे काय? आणि खरे असेल तर ती आपल्या संप्रदायाची हार म्हणायची की महाराजांचा महिमा? त्या रात्री आम्ही एवढेच म्हणालो, की होय, खरे आहे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी त्या गृहस्थाचे चरित्र नीट सांगितले पाहिजे. ते आज वाचकांपुढे ठेवतो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. वडील तापट, आई मात्र मायाळू आणि भाविक. कवितेचा नाद त्यांना आईकडूनच लागला. ती माउली लहानपणीच गेली आणि मुलाचे घरातले मन उडाले. नाशकास येऊन त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन केले. 1880 साली लग्न झाले. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या.

पण नारायणरावांचा पाय एका जागी ठरेना. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तन, परवा कुठे पुराण, असे चालले. पैसा हातात आला की वाटून मोकळे व्हायचे. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले. काही काळ ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिक चालवले. भटकंती होती खरी, पण ती उनाडकी नव्हे. आत एक प्रश्न जळत होता. देव आहे तो कसा आहे? तो सर्वांचा बाप असेल तर त्याच्या लेकरांत एक स्पृश्य आणि एक अस्पृश्य कसा? आणि तो प्रेमळ असेल तर माणसाला ते कळावे कशावरून?

1893 साली ते नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. काव्यावरून गोष्ट निघाली ती धर्मावर गेली. उतरताना त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते काही रुचले नाही. तरी ग्रंथ वाचायचे वचन दिले होते, म्हणून वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशूने डोंगरावर केलेला उपदेश आहे. तिथवर आले आणि अडकले. ग्रंथ खाली ठेववेना.

असे काय होते त्यात? वैऱ्यावरही प्रेम करावे, छळणाऱ्यासाठी देवाजवळ मागावे, दान-उपास-प्रार्थना लोकांना दाखवण्यासाठी करू नये, देव हा स्वर्गातला बाप आहे आणि सज्जन-दुर्जन दोघांच्या शेतावर त्याचा पाऊस सारखाच पडतो. वारकऱ्याला हे परके वाटेल काय? मंबाजीने काटेरी फांदीने झोडपले, तरी तो कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले, मारून मारून दुखावलेले त्याचे हात त्यांनी चेपले, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. ज्या मनावर तुकोबांचा संस्कार आहे, त्याला तो उपदेश ओळखीचा वाटला यात नवल ते काय? टिळक जन्मभर हेच सांगत राहिले, की तुकाराम नसते तर मी ख्रिस्तापाशी आलोच नसतो.

इथे ख्रिस्ती लोक देवाविषयी काय मानतात तेही सरळ सांगतो, म्हणजे घोटाळा नको. ते एकच देव मानतात, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तिघांत तो एक आहे असे त्यांचे म्हणणे. पुत्र तो येशू. देवाने मनुष्यदेह धारण केला तो एकदाच, आणि क्रूसावर मरण पत्करून माणसाचे पाप आपल्या अंगावर घेतले, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, अशी त्यांची श्रद्धा. तारण आपल्या पुण्याईने मिळत नाही, देवाच्या कृपेने मिळते. आपल्याकडे युगायुगांत अवतार आहेत, अठ्ठावीस युगे विटेवर उभा असलेला पांडुरंग आहे. त्यांच्याकडे अवतार एकच, आणि तो इतिहासातला. हा भेद लहान नाही, तो पुसूही नये.

मग टिळकांनी विश्वास ठेवला तो कशाच्या आधारावर? कुणी म्हणतो घडा आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे, तसे जग आहे म्हणजे कर्ता आहे. टिळकांना हा तर्क ठाऊक होताच, पण केवळ तर्काने त्यांचे पोट भरले नाही. कर्ता आहे एवढे कळले, तरी तो आपला आहे हे कसे कळावे? त्यांना येशूच्या चरित्रात देवाचा स्वभाव दिसला. स्वतः दुःख सोसणारा, टाकलेल्यांच्या पंगतीला बसणारा, मारणाऱ्यांना क्षमा करणारा. असा देव असेल तरच तो देव, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे प्रार्थनेत त्याची प्रचिती आली असे ते सांगत. आधी ग्रंथाची खूण, मग अनुभवाची साक्ष, अशी ही वाट आपल्यालाही अनोळखी नाही.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षे पुरती भरायची होती! दीक्षा आपल्याच देशबांधवाच्या हातून घ्यायची, हा त्यांचा हट्ट. ती ज्या पाळकाने दिली त्याचे नाव रेव्हरंड तुकाराम नाथोजी. योगायोग म्हणा, पण नाव आडवे आले ते तुकारामाचेच.

त्याची किंमत मात्र घरच्यांनी मोजली. नातलग तुटले. लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळले. धाकटा दत्तू पदरात, नवरा जिवंत असून नाही. काही काळ त्या आपल्या नातेवाइकांकडे पंढरपुरातच होत्या. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आल्या, त्याही सोवळे सांभाळून, वेगळी चूल मांडून. टिळकांनी बळजबरी केली नाही. पुढे त्यांचे त्यांनाच वाटले, की देवाने माणसात भेद केलेला नाही, आणि सोवळे सुटले. 1900 साली त्यांनीही दीक्षा घेतली. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसत हसत सांगितले आहे. ज्याने ते वाचले नसेल त्याने जरूर वाचावे.

नगरला टिळक धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. 1904 साली ते पाळक झाले. 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मराठीला त्यांनी ‘वनवासी फूल’सारखे काव्य दिले, फुलामुलांचे कवी हे नाव मिळवले, बालकवी ठोमऱ्यांना घरच्या मुलासारखे वागवले. आणि ख्रिस्ती मंडळींना काय दिले? इंग्रजी चालींवर बसवलेल्या गीतांच्या जागी अभंग दिले, ओवी दिली, टाळ आणि कीर्तन दिले. येशूला ते गुरू म्हणत, माउली म्हणत. माउली हा शब्द कुठल्या वाटेने आला ते वारकऱ्याला सांगायला नको. येशूचे चरित्र त्यांनी ‘ख्रिस्तायन’ म्हणून ओवीबद्ध करायला घेतले. ते अपुरे राहिले, पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.

1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागले. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. बंधुभाव हीच खूण. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचा देह पडला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला आणि अस्थी नगरला ठेवल्या. धर्म बदलला, पण देश, भाषा आणि मातीची रीत त्यांनी टाकली नाही.

आता त्या माळकऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. हार म्हणायची ती कुणाची? टिळक ज्या काळात देवाच्या दारी भेद कसा म्हणून विचारीत होते, त्या काळात पंढरीच्या राउळाचे दार आपल्याच काही भावांना बंद होते. चोखोबांची समाधी पायरीशी आणि चोखोबांचे लोक पायरीच्या बाहेर! ते दार 1947 साली साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा उघडले. तोवर टिळकांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती. टिळक केवळ या एका कारणाने गेले असे आम्ही म्हणत नाही. त्यांना ख्रिस्त खरोखर आवडला होता, आणि तो त्यांचा अधिकार. पण संतांनी जे सांगितले ते आपण वागलो नाही, याची टोचणी आपल्याला लागली पाहिजे. हार असेल तर ती आपल्या वागण्याची आहे, महाराजांची नव्हे.

आणि महिमा? तो तर उघडच आहे. ज्याने आपला देव वेगळा मानला, तोही मरेपर्यंत तुकोबांचे ऋण विसरला नाही, आणि त्याच्या हातून जी देवाची स्तुती निघाली तीही अभंगातच. आपण आपल्या विटेवरच्या सावळ्या परब्रह्माला सोडणार नाही, सोडायचे कारणही नाही. पण ज्याची वाट निराळी त्याच्याविषयी मनात किंतु धरून माळ ओढू नये.

पुढल्या आषाढीला सराटीहून निघून नीरेचा पूल ओलांडाल, तेव्हा या प्रवाशाची आठवण करा. आणि अकलूजच्या रिंगणात शेजारी जो कोणी उभा असेल, त्याची जात, पंथ न विचारता त्याच्या पायांना हात लावा.

रामकृष्णहरी.