यशवंतरावांचा डोळा
महाराज यशवंतराव होळकर म्हटले की इंदूरकरांना १८०२ ची हडपसरची लढाई आठवते. दरबारी गवयाच्या घरचा मी. मला त्यांचा गेलेला डोळा आठवतो. बंदूक फुटून तो गेला. बारीक दाण्याची दारू झटकन जळते, जाड दाण्याची सावकाश. पहिली बंदुकीची, दुसरी तोफेची. निवड वा माप चुकले तर नळीच फुटायची. तरीही १८०५ च्या तहानंतर महाराजांनी भानपुऱ्यास तोफांचा कारखाना घातला आणि भट्टीपुढे स्वतः राबले. पुढे बुद्धी ढळली; २८ ऑक्टोबर १८११ रोजी तेथेच देह ठेवला. तानपुऱ्याची तार घाईने चढविणाऱ्या शिष्यास मी हेच चरित्र सांगतो. तार दुसरी मिळते, डोळा मिळत नाही.