हुतात्मा भाई कोतवाल : शेतकऱ्यांचे वकील

शहापूर-मुरबाडकडील ज्ञातिबांधवांस सिद्धगडाचे नाव नवे नाही. मुरबाड तालुक्यातील या गडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी आपल्या नाभिक समाजाचे थोर सुपुत्र भाई कोतवाल यांनी देशासाठी देह ठेवला. त्यांच्या हौतात्म्याची कथा सर्वश्रुत आहे. परंतु वकील या नात्याने त्यांनी गरीब शेतकऱ्याची जी कड घेतली, तिचे स्मरण क्वचितच होते. म्हणून येथे मुख्यतः तिचाच विचार करावयाचा आहे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. प्रतिकूल परिस्थितीशी झगडत त्यांनी उच्च शिक्षण घेतले व वकिलीची पदवी मिळविली. पदवीच्या बळावर शहरात सुखाने राहता आले असते. पण त्यांचे लक्ष मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातील सावकारग्रस्त शेतकऱ्यांकडे गेले व त्यांची बाजू ते न्यायालयात मांडू लागले.

त्या काळी सावकाराने दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळविला की दरखास्त, जप्ती व अखेर जमिनीचा लिलाव असा क्रम ठरलेला असे. तथापि हातोडा पडताच जमीन गेली असे नव्हे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ऋणकोस लिलावापासून ३० दिवसांची मुदत दिली होती. तेवढ्यात येणे रक्कम आणि खरेदीदारासाठी किमतीच्या शेकडा ५ इतकी भर न्यायालयात भरल्यास लिलाव रद्द होई. लिलावाच्या जाहिरातीत अथवा प्रत्यक्ष बोलीत कपट किंवा मोठी अनियमितता होऊन नुकसान झाले असल्यास तसा अर्जही करता येई. अर्ज आला नाही किंवा नामंजूर झाला, म्हणजे न्यायालय विक्री कायम करी. अर्ज नामंजूर करणाऱ्या हुकमावर जिल्हा न्यायालयात अपील होते. त्यासाठीही ३० दिवसच. त्या अपिलाच्या निकालावर दुसरे अपील नव्हते.

कायद्यात दार होते, पण ते उघडावे कोणी? ज्याला नोटीस वाचता येत नाही, त्याला दिवस मोजण्याचे भान कोठून यावे? भर पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, पैसा तरी कोठून उभा करावा? मुदत टळली की खरी तक्रारही व्यर्थ ठरे.

भाईंच्या कार्याचा मोठेपणा येथेच दिसून येतो. केवळ न्यायालयात उभे राहून ते थांबले नाहीत. त्यांनी खेड्यापाड्यांतून ४२ शाळा सुरू केल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या. शाळेने अक्षर दिले. धान्यकोठीने अडचणीच्या दिवसांत सावकाराच्या दाराशी जाण्याची पाळी टाळली. लिलावानंतर अपील करण्यापेक्षा लिलावच होऊ नये, ही त्यांच्या कार्याची दिशा होती.

१९४२ च्या आंदोलनात त्यांनी भूमिगत होऊन आझाद दस्ता उभारला. मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडण्याचे धाडस या दस्त्याने केले. अखेर सिद्धगडावर पोलिसांनी त्यांना गाठले. भाई व त्यांचे सहकारी मानिवलीचे हिराजी पाटील गोळीबारात धारातीर्थी पडले. भाईंचे वय त्या वेळी अवघे तीस वर्षांचे होते.

आज संहितेतील ती ३० दिवसांची मुदत ६० दिवसांची झाली आहे. परंतु नोटीस न वाचता पेटीत ठेवणाऱ्यास साठ दिवसही अपुरेच. आपल्या तरुणांनी कायद्याचे शिक्षण घ्यावे, आणि ज्यांस ते शक्य नाही त्यांनी निदान शेजाऱ्यास आलेला न्यायालयाचा कागद वाचून दाखवून त्यावरील तारीख समजावून सांगावी. सिद्धगडावर दरवर्षी पुष्पहार वाहणे योग्यच आहे. पण या लहानशा सेवेने भाईंचे अपुरे राहिलेले कार्य पुढे जाईल.