गाडगेबाबांचे हसवणे

आमच्या झाडीत धान निघाले की मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते. नाटक कोणतेही असो, विनोदी पात्राशिवाय ते उभे राहत नाही. त्यात एखादा अडाणी गडी बहुधा असतोच. तो कागद उलटा धरून वाचतो, सहीऐवजी अंगठा उठवताना फजीत होतो. माझे वडील त्याला सर्वांत मोठ्याने हसतात. त्यांना स्वतःला सही येत नाही. त्या क्षणी मी त्यांच्याकडे पाहत नाही.

सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या मते, दुसऱ्याचे उणे दिसताच आपण एकाएकी थोर वाटू लागतो, तेच हसू. वर्गात हे ऐकले तेव्हा मंडईतले पुष्कळसे हसू मला उमगले. परंतु वडिलांचे हसू त्यात बसेना. ते कोणापेक्षा थोर ठरत होते? या विचारातच मी गाडगेबाबांच्या चरित्राकडे वळलो.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परिटाच्या घरी झाला. वडील लवकर वारले. आजोळी दापुऱ्यास त्यांनी गुरे राखली, शेती केली. शाळा पाहिलीच नाही. मुलीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण घातले, तेव्हा जातवाल्यांनी नाके मुरडली. 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. धर्मशाळा, घाट, अन्नछत्रे ही पुढची हकीकत आपण शाळेत वाचलेली आहे. मला त्यांच्या कीर्तनाविषयी लिहायचे आहे.

अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावापुढे कीर्तनाला उभे राहायचे. भाषा वऱ्हाडी, आणि उपदेशापेक्षा प्रश्नच अधिक. देवापुढचा नैवेद्य कुत्र्याने खाल्ला, वर जाताना तंगडीही वर केली; त्या देवाला कुत्रे हाकलता येते काय, असे ते विचारीत. लोक पोट धरून हसत आणि नाही म्हणत. लगेच पुढचा प्रश्न येई, की मग असा देव तुमचे रक्षण कसे करणार? आता कोणाला हसायचे? बकरे कापणारा आणि नवस फेडायला कर्ज काढणारा तर आपणच! नाटकातला गडी आपल्याहून वेगळा असतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. बाबांच्या कीर्तनात तशी सोय नव्हती. पण तेथे कोणी एकटाही पडत नसे, कारण अडाण्यांच्या रांगेत बाबा स्वतः पहिले उभे असत.

वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात नोव्हेंबर 1956 मध्ये झालेल्या त्यांच्या अखेरच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुढे 20 डिसेंबरला, बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनानंतर चौदा दिवसांनी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबा गेले. ते ध्वनिमुद्रण मी मोबाइलवर वडिलांना ऐकवले. देवधर्माच्या भागाला ते खूप हसले. मग विद्येचा विषय निघाला. न शिकलेल्या माणसाला बाबा तेथे खटाऱ्याच्या बैलाची उपमा देतात. मला वाटले, हे बंद करावे. वडील गप्प होते. काही वेळाने त्यांनी विचारले, बाबांना लिहिता-वाचता येत होते काय? मी नाही म्हणालो. तेव्हा ते हसले, आणि तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला.