नूर इनायत खान

नूर इनायत खान (१ जानेवारी १९१४, मॉस्को – १३ सप्टेंबर १९४४, दाखाऊ, जर्मनी) या दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेसाठी बिनतारी संदेशयंत्र चालवणाऱ्या हस्तक होत्या. या कामासाठी ब्रिटनमधून फ्रान्समध्ये पाठवल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला. मादलेन हे त्यांचे सांकेतिक नाव होते. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला.

घराणे व बालपण

नूर यांचे वडील, सूफी गुरू व गायक हजरत इनायत खान, हे बडोद्याचे. त्यांचे मातामह मौलाबक्ष हे गायकवाड दरबारातील ख्यातनाम गवई होते. १८८६ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यात गायनशाळा स्थापन केली. मौलाबक्ष यांच्या पत्नीकडून हे घराणे टिपू सुलतानाच्या वंशाशी जोडलेले असल्याचे कुटुंबात मानले जाई. इनायत खान १३ सप्टेंबर १९१० रोजी भारत सोडून पाश्चात्त्य देशांत गेले. तेथे त्यांनी ओरा रे बेकर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला.

नूर या चार भावंडांत थोरल्या. १९२० पासून हे कुटुंब फ्रान्समध्ये आणि पुढे पॅरिसजवळील सुरेन येथे राहिले. १९२७ मध्ये वडिलांचे दिल्लीत निधन झाले, तेव्हा नूर तेरा वर्षांच्या होत्या. शोकाकुल आई आणि धाकटी भावंडे यांचा भार त्यांच्यावर आला. त्यांनी सोरबॉन येथे बालमानसशास्त्राचे आणि पॅरिसमध्येच संगीताचे शिक्षण घेतले. त्या मुलांसाठी कथा लिहीत. जातककथांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले.

सैन्यसेवा

जून १९४० मध्ये फ्रान्स पडले आणि कुटुंब इंग्लंडला गेले. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या नूर आणि त्यांचे बंधू विलायत यांनी नाझींविरुद्धच्या लढ्यात उतरण्याचे ठरवले. नोव्हेंबर १९४० मध्ये नूर ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत दाखल झाल्या व त्यांना बिनतारी संदेशवहनाचे शिक्षण मिळाले. फ्रेंच मातृभाषेसारखी बोलणारी आणि यंत्रावर सराव असलेली व्यक्ती एसओईला हवीच होती. १९४३ च्या आरंभी त्यांची तेथे निवड झाली. प्रशिक्षकांचे अहवाल मात्र संमिश्र होते. त्या गुप्त कामास अयोग्य असल्याचे मत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने नोंदवले होते, पण फ्रान्स विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी ते मानले नाही. संदेशचालकांची टंचाई होती, हे या निर्णयामागचे कारण विसरता येत नाही.

पॅरिसमधील काम

१६-१७ जून १९४३ च्या रात्री लायसँडर विमानाने त्यांना आँजे शहराच्या उत्तरेस उतरवण्यात आले. जान-मारी रेनिए नावाची दाई म्हणून त्या पॅरिसमध्ये वावरू लागल्या. आठवड्याभरातच फ्रान्सिस सटिल यांच्या प्रॉस्पर या मोठ्या जाळ्यावर धाड पडून एकामागून एक अटका झाल्या. लंडनने परत येण्यास सुचवले, परंतु पॅरिसचा लंडनशी संपर्क तुटेल म्हणून त्यांनी नकार दिला. त्यानंतर काही काळ पॅरिसमधील एसओईचा जवळजवळ एकमेव बिनतारी दुवा त्याच होत्या.

हे काम अतिशय धोक्याचे होते. सुटकेसमध्ये बसवलेले यंत्र सुमारे १५ किलो वजनाचे. त्याला लांब तार एरियल म्हणून खिडकीबाहेर किंवा झाडावर टांगावी लागे. मजकूर आधी सांकेतिक लिपीत बदलून ठरल्या वेळी मोर्समध्ये पाठवायचा. जर्मनांच्या शोधगाड्या लहरींच्या दिशेवरून ठिकाण हुडकत, म्हणून एका जागी वीसेक मिनिटांहून अधिक थांबणे घातक ठरे. अशा चालकाचे सरासरी आयुष्य सहा आठवडे धरले जाई. नूर घरे आणि केसांचा रंग बदलत जवळजवळ चार महिने टिकल्या.

अटक आणि वह्या

ऑक्टोबर १९४३ च्या मध्यास फितुरीमुळे त्या पकडल्या गेल्या. पैशासाठी माहिती दिल्याचा आरोप असलेल्या स्त्रीची १९४९ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. नूर यांच्या खोलीत पाठवलेल्या संदेशांच्या नोंदवह्या सापडल्या. संदेश जपून ठेवावेत, असा सूचनेचा चुकीचा अर्थ त्यांनी घेतला असावा. या वह्यांच्या आधारे जर्मनांनी त्यांच्या नावाने लंडनशी संदेशांचा खेळ चालू ठेवला. फेब्रुवारी १९४४ मध्ये उतरलेले हस्तक थेट जर्मनांच्या हाती पडले. त्यांत मादलेन दामरमाँ होत्या. या हानीचा दोष एकट्या नूर यांच्यावर टाकणे योग्य नाही. सोनिया ओल्शानेझ्की या स्थानिक हस्तक महिलेने अटकेची खबर लंडनला पोहोचवली होती. पाठवणारी व्यक्ती अनोळखी म्हणून बकमास्टर यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले.

पॅरिसमधील आव्हेन्यू फॉश येथील कैदेतून त्यांनी दोनदा निसटण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेस त्या दोन सहकैद्यांसह छतावरून बाहेर पडल्या होत्या. पुन्हा पळणार नाही अशी हमी देण्यास नकार दिल्यावर त्यांना जर्मनीतील फोर्ट्सहाइमच्या तुरुंगात सुमारे दहा महिने साखळदंडात एकटे ठेवण्यात आले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत दामरमाँ, योलांद बीकमन व एलियान प्लुमन यांच्यासह त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वडिलांनी भारत सोडल्याचीही हीच तारीख.

मृत्यूनंतर

युद्ध संपल्यावर नूर यांचा अंत नात्सवायलर छावणीत झाला, असे प्रथम मानले गेले. पुढील चौकशीत दाखाऊ निश्चित झाले. नात्सवायलर येथे मारली गेलेली स्त्री सोनिया ओल्शानेझ्की होती, हे नंतर स्पष्ट झाले. नूर यांना १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. फ्रान्सने क्रॉइ द गेअर दिला. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअर उद्यानात २०१२ मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला, आणि २०२० मध्ये टॅव्हिटन स्ट्रीटवरील त्यांच्या जुन्या घरावर निळा स्मृतिफलक लागला.